वेस्टाला नुसता दगड म्हणायचं?

खानापूरकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "वेस्टा म्हणजे एक दगड, तो बघायला पोरांना रात्री जांबोटीला नेणं म्हणजे पेट्रोल जाळणं." वाचून राहवेना. वेस्टा म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह. सव्वापाचशे किलोमीटरचा हा 'दगड' एके काळी आतून वितळला होता. पोटात लोखंडाचा गाभा, वर थिजलेला लाव्हा. 2011 ला नासाचं डॉन यान तिथं पोचलं, वर्षभर फिरलं. दक्षिण ध्रुवावर 500 किलोमीटरचं विवर आहे. 1996 साली राजस्थानात पिपलिया कलानला पडलेली उल्का वेस्टाचाच तुकडा मानतात.

निपाणीचा मास्तर: मीच लिहिलंय, मागं घेत नाही. ग्रह कशाला म्हणायचं हे 2006 ला प्रागमध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीत ठरलं. बटुग्रह व्हायलाही गोल असावं लागतं. त्याच पट्ट्यातला सेरेस झाला, वेस्टा नाही. दहावीच्या पोरांना आधी गणित येऊ दे की.

वडगावकर: प्रागमध्ये बसून ठरवलं म्हणून झालं काय? 1956 ला आमचं बेळगावही असंच लांब बसून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, घातलं. 2014 ला गावाचं नावही बदलून बेळगावी केलं. आजोबांच्या शेताचा उतारा काढला, अख्खा कन्नडमध्ये. म्हातारा माणूस आपलंच नाव बोटानं शोधत बसला होता.

शहापूरची लेक: वेस्टाच्या धाग्यात सीमाप्रश्न कशाला? माझी जाऊ कन्नड, घरात दोन्ही भाषा चालतात, कुणाचं काही अडत नाही.

वडगावकर: घरात आवडीनं बोलणं वेगळं, कचेरीत सक्ती वेगळी. त्या उताऱ्यासाठी चार खेपा घातल्यात मी.

शहापूरची लेक: बरं, उतारा दोन्ही भाषांत मिळायलाच हवा, एवढं मान्य. पण प्रत्येक धाग्यात तेच काढू नका.

निपाणीचा मास्तर: शास्त्राला राज्य पुनर्रचना जोडू नका! 1801 ला सेरेस सापडला, 1807 ला वेस्टा, तेव्हा ग्रहच म्हणत होते. पुढं तसलेच डझनांनी सापडले, म्हणून यादी वेगळी केली. ह्यात अन्याय कसला?

खानापूरकर: ग्रह म्हणा असं मी कुठं म्हटलंय? 2025 च्या एप्रिलअखेर, अमावस्येच्या सुमारास, जीपच्या बॉनेटवर कोपर टेकून पुतणीनं दुर्बिणीतून तूळ राशीतला तो ठिपका बघितला. शेजारचे तारे वहीत पेन्सिलीनं मांडले. चार रात्रींनी परत गेलो, ठिपका सरकलेला. "काका, हा चालतोय!" रोज किती सरकतो, त्याचं गणित तिनं घरी येऊन आपणहून मांडलं.

निपाणीचा मास्तर: गणित मांडलं असेल तर पेट्रोलचं बोललो ते मागं. ग्रह नाही म्हणजे नाही. पुढच्या खेपेला कळवा, माझीही चार पोरं आहेत.