तुमच्या घरात किती 'एक जून'वाले? शाळेत लागलेल्या जन्मतारखांचे किस्से सांगा

धागा काढायचं कारण आमचे बाबा. ३१ मे २०२३ ला रिटायर झाले. त्याच दिवशी त्यांच्या ऑफिसातले अजून चार जण, शेजारच्या ऑफिसातले तीन, एकच हॉल, एकच मांडव, आठ शाली, आठ नारळ, आणि भाषण करणारे साहेब कोणाच्या आठवणी कोणाच्या नावावर सांगतायत त्यांचं त्यांनाच कळेना. सगळ्यांची जन्मतारीख १ जून. ज्याचा जन्म एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटी घरी, असा सरकारी नियम आहे, म्हणून ३१ मे.

आता आजीचं म्हणणं ऐका. बाबा झाले ते आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, वारीला गेलेली माणसं अजून परतली नव्हती, सुईण पण पंढरपूरलाच, मग चुलत सासूबाईंनी केलं सगळं. आणि त्याच वर्षी पुढे पाकिस्तानची लढाई. म्हणजे जुलै १९६५. एकाहत्तरच्या जूनमध्ये गुरुजींनी सहा पूर्ण दिसावीत म्हणून चाळीसेक दिवस वाढवून १ जून लिहिलं आणि झालं. त्या चाळीस दिवसांनी बाबांचं जुलैचं इन्क्रिमेंट गेलं! बाबा म्हणतात जाऊ दे गं, गुरुजींनी तेव्हा ते चाळीस दिवस दिले नसते तर वर्षभर म्हशींमागेच हिंडलो असतो.

तुमच्याकडचं सांगा. जुनंच पाहिजे असं नाही, आत्ताच्या ॲडमिशनचं पण चालेल.

डावा कान

आमच्यात कागद बिगद काही नाही, उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा, पोचला की पहिलीत. माझे हात लांब (आईकडून आलेत) त्यामुळे मी पाचव्या वर्षीच पास. थोरला भाऊ गुटगुटीत, त्याचं डोकं मोठं आणि हात आखूड, दोन वर्ष कान काही सापडेना. शेवटी दोघं एकाच वर्गात एकाच बाकावर. दहावीपर्यंत लोक आम्हाला जुळे समजायचे, तो अजून माझ्यावर खार खाऊन आहे.

निवृत्त मास्तर

सगळे गुरुजींना हसताय म्हणून लिहितो. मी पाटण तालुक्यात वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत काढली बरीच वर्षं. जूनच्या आधी पटनोंदणीला घरोघर फिरायचं. "पोरगं कधीचं?" विचारलं की उत्तर काय यायचं, तर "भूकंप झाला तवा पाळण्यात हुतं". आता कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पाळण्यात म्हणजे सहा महिन्याचं धरा नायतर वर्षाचं. दुसरी म्हणणार "दुष्काळात पोटात होता", म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर. तिसरा सरळ म्हणणार घ्या की गुरुजी तुमच्या अंदाजानं, तुम्ही काय वाईट करणार हाय का आमचं. जन्माची नोंद कोतवालाकडं व्हायची खरी पण त्यात बऱ्याचदा नावच नसायचं, नुसतं अमक्याला मुलगा. तीन मुलगे असले तर कुठला कुठला?

आणि दाखल खारीज रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना मोकळा सोडता येत नाही हो. अंकी लिहायची, अक्षरीपण लिहायची, वर खाडाखोड चालत नाही. शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून १ जून, एवढं साधं आहे ते. एका वर्षी बावीसच्या बावीस पोरांना १ जून लागला तर तपासणीला आलेले साहेब म्हणाले अहो गुरुजी, गावात एकाच दिवशी बावीस बाळंतपणं? मग पुढच्या वर्षीपासून मी २ जून, ५ जून, १० जून असं पसरवून लिहायला लागलो. माझी स्वतःची? ती पण १ जूनच आहे.

मधली बहीण

माझी तारीख १ जून १९७४. धाकट्या भावाची खरी, दवाखान्यातली, १० नोव्हेंबर १९७४. पासपोर्टच्या वेळी दोघांचे दाखले एकदम दिले, समोरच्या बाईंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा आईकडे. आई म्हणाली, काय करणार, घाईच होती.

कोर्टकचेरीवाला

हसण्यावारी चाललंय पण माझ्याकडे यातली रडणारी माणसं येतात म्हणून जरा कामाचं सांगतो. दाखल्यावरची तारीख चुकलेली असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करून घ्या, जन्म दाखला जोडून. शाळा सोडली की तेच काम दहापट अवघड. राज्य सरकारी नोकरीत सर्व्हिस बुकातली तारीख बदलायची तर लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज पाहिजे, रिटायरमेंटला सहा महिने राहिल्यावर आजीची आषाढी एकादशी कोणी ऐकून घेत नाही. नुसतं गॅझेट केलं की झालं असं एजंट सांगतात, त्यावर जाऊ नका.

आणि शाळेच्या रजिस्टरात आहे म्हणून ते ब्रह्मवाक्य असंही नाही, ही नोंद कोणी सांगितली आणि कशावरून केली ते कळल्याशिवाय तिला फारसं वजन नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच सांगितलंय. पण व्यवहारात एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) दाखवली की बँकेपासून पेन्शनपर्यंत सगळे गप्प. मोठमोठ्यांना चुकलं नाही हे, लष्करप्रमुख व्ही. के. सिंह यांचं १९५० की १९५१ हे भांडण २०१२ ला सुप्रीम कोर्टात गेलं होतं आठवतं का? शेवटी याचिका मागे घेतली त्यांनी.

तीन जानेवारी

आमची कथा अगदी उलटी. लेकीचा जन्म ३ जानेवारीचा, कॉम्प्युटरवरचा दाखला, क्यूआर कोडसकट, एक मिनिट इकडचं तिकडं नाही. आणि २०२१-२२ पासून महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरला सहा पूर्ण पाहिजेत (आधी ३० सप्टेंबर होतं). म्हणजे तीन दिवसांनी हुकलं. एका शाळेत गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणे सॉफ्टवेअर घेतच नाही, मी काय करू. सासरे बाजूला उभे, ते शांतपणे म्हणाले, "आमच्या गुरुजींना विचारलं असतं तर करून दिलं असतं." मला हसू पण येईना. राहिली एक वर्ष मागे, आता वर्गात सगळ्यात मोठी आहे आणि बऱ्यापैकी दादागिरी करते, त्यामुळे तक्रार नाही.

झेडपीचा मास्तर, बीड

जुने मास्तर बोलले ते आमच्याकडं अजून संपलेलं नाही. ऊसतोडीची लेकरं. आई कोयत्यावर असताना कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या फडात जन्मलेलं, तिकडं नोंद केलीय का नाही कोणाला माहिती नाही, इकडं गावात नाव नाही. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आल्यापासून म्हणजे २०१० पासून वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. अंगणवाडीचं रजिस्टर चालतं, नर्सबाईंची नोंद चालते, काहीच नसलं तर पालकाचं लेखी. अंगणवाडीताईंनी लसीकरणाच्या तारखेवरून मागं मोजून काढलेली तारीख बऱ्याचदा खरी निघते.

खरा घोळ पुढं आहे. आधारवर बऱ्याच जणांची ०१/०१, शाळेत दुसरी, नावाचं स्पेलिंग तिसरंच. पोर्टलवर आधार व्हॅलिड झालं नाही की ते लेकरू पटावर असून नसल्यासारखं, आणि संच मान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते) त्या आकड्यावर, म्हणजे आमची पदं पण. मग बापाला फोन, तो फडात, रेंज नाही, म्हणतो गुर्जी आधारवर हाय तीच टाका. म्हणजे पूर्वी आम्ही तारीख लावायचो, आता आधार सेंटरवाला लावतो. पूर्वीचा १ जून गेला आन १ जानेवारी आला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळा प्रवेशासाठी जन्म दाखलाच पुरावा धरायचा असा कायदा झालाय, ती लेकरं पहिलीत येतील २०२९-३० ला. फडातल्यांचं तेव्हा काय करायचं ते मी आत्ताच विचारून ठेवलंय, उत्तर आलं की इथं टाकतो.

पेडणेकर

गोव्यात आमच्या आजोबांची पोर्तुगीज अमदानीतली नोंद सबरजिस्ट्रारकडे सापडली, जन्माची वेळसुद्धा लिहिलेली, साक्षीदारांच्या सह्या. आजी मात्र सावंतवाडीकडची, ती १ जून. लग्नाची तारीख दोघांनाही आठवत नव्हती ते वेगळं.

सहस्रचंद्र

तेवीस साली कुणबी नोंदी शोधायची गडबड सुरू झाली तेव्हा आम्ही पण गावच्या शाळेत गेलो. कपाटातून रजिस्टरं काढली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं उलटताना हातात भुगा. जातीचा रकाना बघायला गेलो होतो, पण आजोबांची जन्मतारीख बघून आत्याने कपाळाला हात लावला. हिशोब केला तर सहस्रचंद्रदर्शन आम्ही तीन वर्ष उशिरा केलं होतं. भटजींनी तेव्हा विचारलं होतं, नक्की ना? सगळे म्हणाले नक्की.

न्यू जर्सीकर

ग्रीन कार्डला जन्म दाखला लागतो. माझी नोंदच नव्हती, मग नगरपालिकेकडून 'नोंद आढळत नाही' असं पत्र, सोबत एलसी, आणि आईचं प्रतिज्ञापत्र की माझा मुलगा अमुक तारखेला माझ्यासमक्ष जन्मला. समक्षच म्हणे, दुसरं कसं जन्मणार! टायपिस्टने एलसीवरून १ जून टाकलं. आईने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली हे खोटं आहे, तू नारळी पौर्णिमेचा, तेव्हा नारळीभात केला होता आणि मला एक घास खाता आला नाही. अर्धा तास नोटरी ताटकळत. मामाने समजावलं की अगं सगळ्या कागदांवर तेच आहे, आता वेगळं लिहिलं तर याचं अडेल. मग केली सही. दर नारळी पौर्णिमेला फोन येतो तिचा, १ जूनला कधीच करत नाही.

खराखुरा

मी खरंच १ जूनला जन्मलो. सरकारी दवाखाना, पहाटे पाच दहा, जन्म दाखला आहे, पत्रिका आहे, वजन सुद्धा लिहिलंय. गेल्या वर्षी ऑफिसात केक कापत होतो, साहेबांनी तुकडा तोंडात टाकला आणि हळूच विचारलं, "आणि खरी कधीची?"