मदत हवी आहे : रेझोफोनिक गिटारमधून झिणझिण येते, घरीच उघडू का?

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, शेती करतो. सहा वर्षांपासून रेझोफोनिक गिटार वाजवतोय. गुरू नाही, ऐकून ऐकूनच शिकलो. चौकोनी मानेची आहे, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी दांडी फिरवायची. आतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूमुळे तिचा आवाज मोठा होतो. ब्रासच्या वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेत जॉन डोपेरा यांनी हे घडवलं. आमच्या भजनी मंडळात खंजिरी, ढोलक आणि टाळ एकदम सुरू असतात, तरी माईकशिवाय माझी मींड मागच्या ओसरीपर्यंत जाते. राष्ट्रसंतांच्या भजनाला ती इतकी लागून येते की वाद्य परकं वाटतच नाही.

अडचण अशी. दोन आठवड्यांपासून तिसरी तार छेडली की आतून झिणझिण येते. तंबोऱ्याची जवारी कानाला गोड लागते, हा आवाज तसा नाही, सुटलेल्या पत्र्याचा आहे. परवा बुवा म्हणाले, "बापू, तुह्या गिटारीतून भिंगरी फिरल्यावानी आवाज येते रे." रात्रभर तेच डोक्यात होतं.

करून पाहिलं ते सांगतो. तारा नव्या टाकल्या, फरक नाही. दांडी न लावता मोकळी तार छेडली, तरी येते, म्हणजे दोष माझ्या हाताचा नाही. जाळीच्या झाकणाचे स्क्रू आवळले, तेही झालं. झाकणावर बोटाने टिचकी मारली की आत काहीतरी किणकिणतं. मागे एका दुकानात दाखवली होती, तर त्यांनी साध्या गिटारच्या तारा चढवून परत दिली. आता नागपूरला न्यायची तर अख्खा दिवस मोडतो, आणि तूर काढणी सुरू आहे.

झाकण मीच उघडू का? शंकू फार नाजूक असतो असं वाचलंय.

दुसरं, आमची पेटी काळी चारला असते. माझ्या तारा पांढरी पाचला, जाड तारेकडून सा ग प सा ग प. अर्धा सूर चढवून लावल्या तर चालेल का?

प्रतिसाद

उघडा, पण घाई करू नका. आधी तारा पूर्ण ढिल्या करा, मग झाकणाचे स्क्रू काढा. आत आठ पायांची धातूची चौकट दिसेल, तिला स्पायडर म्हणतात, घोडी त्याच्यावर असते. उचलण्याआधी स्पायडर आणि शंकू कसे बसलेत याच्या पेन्सिलने खुणा करा. शंकूची कड लाकडी ओट्यावर सगळीकडून सपाट टेकली आहे का आणि स्पायडरचे आठही पाय शंकूला लागतात का ते बघा. मधला स्क्रू ढिला असेल तर फक्त बसेल इतकाच फिरवा. जास्त आवळला तर आवाज मरतो, शंकूही वाकतो. आणि तूर काढणीचं लिहिलंत म्हणून सांगतो, भुसा किंवा कुंभारीण माशीच्या घराची माती आत शिरली असेल. एवढासा खडाही पुरतो.

अर्धा सूर चढवू नका. ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साधारण बारा टक्के जास्त, आणि घोडीवरून शंकूवरचा दाबही तेवढाच वाढतो. चौकोनी मानेसाठी वेगळा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, मिळतो, तो मानेवरच्या पहिल्या पट्टीवर लावा.

धागाकर्ता

दादा, काय बोलू! काल रात्री उघडली. एका पायाखाली मातीचा कण होता, मुगाच्या डाळीएवढा, आणि शंकूच्या कडेला तुरीचा भुसा. मऊ ब्रशने झाडलं, खुणा जुळवून बसवली, तारा हळूहळू चढवल्या. तिसरी तार आता स्वच्छ वाजते. आई उठून आली आणि दाराशी उभी राहून ऐकत होती.

कॅपोचं अजून राहिलंय. मांडी घालून बसलो की गिटार थोडी कलते, तेव्हा कॅपो दांडीच्या आड येतो का? कोणी असं वाजवत असेल तर नक्की लिहा. गुरुवारी भजन आहे.