वरईचं युनिट ताळेबंदात तोट्यात, पण गावाचा फायदा रुपयांत कसा दाखवायचा?

डोंगरची_ताई
नमस्कार. अकोले तालुक्याच्या डोंगरभागात आमच्या बचत गटांनी मिळून वरई सडायचं, म्हणजे टरफल काढायचं, युनिट टाकलंय: चाळणी, खडे काढायचं यंत्र, हलर. काम दिवाळीनंतरचे थोडे महिने, मग यंत्र झाकलेलं. त्यामुळे ताळेबंदात तोटा, आणि पुढची मदत मागायला गेलं की "धंदा चालत नाही" हे ऐकायचं. पण वरईचं टरफल गुळगुळीत आणि चिवट. उखळात कांडा, सुपात पाखडा, न सुटलेली परत उखळात. दोन-तीनदा केल्यावर हाती भगर. हे कष्ट गेले त्याची किंमत कुठल्याच रकान्यात नाही. ती कशी काढायची?

हिशेबनीस
ताई, अशा सामायिक सुविधांचं मूल्यमापन हेच माझं काम. युनिट नसतं तर काय झालं असतं, तेवढाच फरक तुमचा. म्हणून नाचणी यातून वगळा. तिला तसं टरफल नसतं, ती साध्या पिठाच्या गिरणीतही दळली गेली असती. ती धरलीत तर आकडा फुगेल आणि तपासणारा पहिलं तेच पकडेल.

वरईत घरंही दोन तऱ्हेची असतील. जी हाताने कांडायची, त्यांचा वाचलेला वेळ मोजा. पायलीभर वरई घड्याळ लावून कांडून घ्या. युनिटवर ये-जा धरून किती वेळ लागतो तेही लिहा. फरकाला रोजगार हमीचा दर लावा, महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये. वाचलेल्या वेळात मजुरी मिळतेच असं नाही, तेव्हा निम्म्या दरानेही मांडा आणि दोन्ही आकडे द्या.

भगरवाला_नाशिक
दुसऱ्या तऱ्हेची घरं म्हणजे कच्ची वरई व्यापाऱ्याला घालून एकादशीला दुकानातून भगर आणणारी. त्यांच्यासाठी भावातला फरक धरा, पण उतारा बघून. क्विंटलमागे साधारण ६०-७० किलो भगर मिळते, बाकी कणी-कोंडा. हलर नीट लावलेला नसेल तर कणीच जास्त पडते आणि सगळं गणित बिघडतं.

हिशेबनीस
बरोबर. आणि सडाईचे पैसे दोनदा धरू नका. शेतकऱ्याचा खर्च तीच युनिटची कमाई, गावाच्या हिशेबात ते कटतात.

डोंगरची_ताई
मला सगळ्यात जास्त पोरांच्या ताटाचं वाटतं. जानेवारी २०२३ पासून रेशनचा तांदूळ फुकट आहे. वरई तयार मिळाली तरच चुलीवर चढते, नाहीतर भातच. हे धरता येईल का?

हिशेबनीस
नक्की, पण किती सडली यावरून नाही. सडलेली विकलीही जाते. घरोघरी "काल काय शिजलं" एवढंच विचारा, हंगामात आणि पावसाळ्यात. युनिट नसलेलं शेजारचं एक गावही घ्या. त्याला रुपये लावायचा आटापिटा करू नका, "इतक्या घरांत आठवड्यातून इतक्यांदा वरई" असंच अहवालात वेगळं लिहा. जबरदस्तीने रुपयांत बसवलेल्या आकड्यापेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवतो.

डोंगरची_ताई
गाव आहे, पलीकडच्या खोऱ्यात. पण पायलीभर कांडायला आता कुणी तयार होणार नाही. शेरभर चालेल?

हिशेबनीस
चालेल. आधी आणि नंतर वजन तेवढं करा.