मदत हवी आहे: शेल्सली वॉल्श हिल क्लाइंब, पहिल्या ६४ फुटांतच वेळ जातोय (रविवारच्या आत उत्तर हवंय)

तांबडी_माती | बुधवार, रात्री १०.४२

नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. गेल्या शनिवारी पहिल्यांदाच शेल्सलीला गाडी पळवली. सकाळी दोन प्रॅक्टिस, दुपारी दोन मोजलेल्या फेऱ्या. चारही वेळा पहिल्या ६४ फुटांतच मार खाल्ला. ३.३१, ३.२८, ३.४०, ३.३६ सेकंद. स्पर्धेत माझ्या गाडीच्या वर्गातले बाकीचे सगळे २.६ ते २.८ मध्ये. वर वळणांत मी त्यांच्या बरोबरीने आहे, व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितलेत. पूर्ण चढ ३९.४.

२५०० आरपीएमपासून ५००० पर्यंत सगळं करून झालं. क्लच हळू सोडला, झटक्यात सोडला. ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. शेवटच्या फेरीनंतर पॅडॉकमध्ये (स्पर्धेच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात) क्लचचा जळका वास येत होता, तेव्हापासून झोप उडाली आहे.

येत्या रविवारी पुन्हा आहे. टायर बदलू का? बसवून घ्यायचे तर उद्याच ऑर्डर द्यावी लागेल. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

सिंहगड_रोड | बुधवार, रात्री १०.५५

गाडी कुठली ते तरी सांगा! आणि हे शेल्सली आहे कुठे? ६४ फुटांची वेळ ही काय भानगड?

उसळपाव | बुधवार, रात्री ११.१०

धागाकर्ता घाईत दिसतो, म्हणून मी सांगते. आम्ही वूस्टरला राहतो, दर उन्हाळ्यात एकदा तरी जातोच. शेल्सली वॉल्श वूस्टरपासून साधारण १६ किलोमीटरवर, टीम नदीच्या खोऱ्यात. खाली शेतघर आणि जुनी पाणचक्की, आणि तिथून झाडीत शिरणारा जेमतेम एका गाडीचा रस्ता. लांबी १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, आणि तेवढ्यात चढ शंभर मीटर. मिडलंड ऑटोमोबाइल क्लबने ऑगस्ट १९०५ मध्ये इथे पहिली स्पर्धा घेतली. तोच रस्ता आजही चालू आहे! एका वेळी एकच गाडी सुटते, प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. सुरुवातीच्या रेषेपासून ६४ फुटांवर, म्हणजे साडेएकोणीस मीटरवर, पहिली नोंद होते. गाडी जागेवरून कशी उठली ते त्या आकड्यावरून कळतं.

१९०५ मधली सर्वांत चांगली वेळ ७७.६ सेकंद होती. आता विक्रम २३ सेकंदांच्याही आत आहे. धागाकर्त्याने पहिल्याच दिवशी चाळिशीच्या आत वेळ काढली, मला तर फार कौतुक वाटलं.

टायरवाला_सचिन | बुधवार, रात्री ११.२४

टायर. दुसरं काही नाही. माझा सांगलीत टायरचाच धंदा आहे, वीस वर्षं झाली. चाकं जागेवर फिरतायत म्हणजे पकड नाही. हवा कमी करा, २२ वर आणा, मग बघा.

केन्सिंग्टन_कट्टा | बुधवार, रात्री ११.३१

सचिनभाऊ, २२ फार कमी होते. साध्या रस्त्याच्या टायरची बाजू इतक्या कमी हवेत दुमडते आणि वरच्या एसमध्ये (S आकाराच्या वळणात) स्टिअरिंगला गाडी उत्तरच देत नाही. मी तीन सीझन स्प्रिंट केल्यात, २८ च्या खाली कधी गेलो नाही. आणि मुळात चाकं जागेवर फिरतात असं धागाकर्त्याने लिहिलंय कुठे?

टायरवाला_सचिन | बुधवार, रात्री ११.३८

५००० आरपीएमला क्लच सोडल्यावर दुसरं काय होणार? स्प्रिंट सपाटीवरची असते साहेब. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात.

केन्सिंग्टन_कट्टा | बुधवार, रात्री ११.४४

मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर तेच वजन कामाला येतं. म्हणूनच आधी गाडी विचारायला हवी.

रानवारा | गुरुवार, सकाळी ७.०५

ताकद असली की सगळं जमतं असं मुळीच नाही, त्यावरून आठवलं. हान्स स्टुक यांनी १९३० मध्ये ऑस्ट्रो-डाइमलर घेऊन ४२.८ सेकंदांचा विक्रम केला. तेच १९३६ मध्ये ऑटो युनियनची प्रचंड ताकदीची गाडी घेऊन परत आले, तर पावसाने रस्ता ओला. चाकं नुसती फिरत राहिली आणि वेळ आली ४८.८. सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा सहा सेकंद जास्त! पकडीसाठी तेव्हा मागच्या बाजूला जोडचाकं लावत, आपल्या ट्रकसारखी. रेमंड मेज यांनी १९३९ मध्ये ईआरए या रेसिंग गाडीवर ३७.३७ केली होती, आणि ती गाडी आजही बघणाऱ्याला वेड लावते.

तांबडी_माती | गुरुवार, सकाळी ८.१५

सगळ्यांचे आभार, पण माझा प्रश्न मागे पडतोय. गाडी स्विफ्ट स्पोर्ट, १.६ पेट्रोल, सहा गिअर. पुढची चाकं ओढतात. टायर नेहमीचे, रस्त्यावरचे, माझ्या वर्गात चालणाऱ्या यादीतलेच. हवा पुढे ३०, मागे ३२. रस्ता चारही वेळा कोरडा. टायर घेऊ की नको? ऑफिसला निघायच्या आत कुणीतरी सांगा.

घाटवेडा_७८ | गुरुवार, सकाळी ८.४०

माझ्याकडे स्विफ्ट डिझेल आहे. ताम्हिणीत फुल लोडमध्ये दुसऱ्या गिअरला जी ओढते ना! तुम्ही फर्स्टऐवजी सेकंडवर उठवून बघा. चाकं फिरणार नाहीत.

केन्सिंग्टन_कट्टा | गुरुवार, सकाळी ८.५२

घाटवेडा, डिझेलचं गणित वेगळं. १.६ पेट्रोल उभ्या चढावर सेकंडला सोडली तर बंद पडेल नाहीतर क्लच संपेल. त्यांच्या क्लचचा आधीच वास येतोय. असं सांगू नका.

मंजिरी_लीड्स | गुरुवार, सकाळी ९.३०

अवांतर विचारते, माफ करा. हे बघायला लहान मुलांना घेऊन जाता येतं का? मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला गाड्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

उसळपाव | गुरुवार, सकाळी ९.४१

मंजिरी, अगदी आवर्जून ने. पॅडॉकमध्ये गाड्यांच्या अगदी शेजारून फिरता येतं, बॉनेट उघडून काम चाललेलं जवळून बघता येतं. फक्त कानांवर घालायचे इअर डिफेंडर घे, सिंगल सीटरचा (एकाच सीटच्या रेसिंग गाडीचा) आवाज त्या झाडीत फार घुमतो. आणि चढावर चालावं लागतं, पायात चांगले बूट हवेत. वरच्या एसपाशी उभी राहा, गाडी डावीकडून उजवीकडे वळते तेव्हा पोटात गोळा येतो.

पाचगणी_पीटर | गुरुवार, दुपारी १२.१८

तांबडी_माती, मी दोन वर्षं प्रेस्कॉटच्या हिल क्लाइंबला आणि एक वर्ष शेल्सलीला पळवली आहे. टायरची ऑर्डर आज देऊ नका. आधी तीन गोष्टी सांगा. हिरवा दिवा लागल्यावर किती वेळात निघता? रेषेवर उभे असताना पाय आणि हात नेमके कुठे असतात? बाजूने काढलेला व्हिडिओ आहे का? गाडीच्या आतला नको, बाहेरचा.

तांबडी_माती | गुरुवार, दुपारी १२.५०

हिरवा लागला की लगेच. एक क्षणही घालवत नाही. डावा पाय क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. हॅण्डब्रेक अर्थातच ओढलेला, चढ केवढा आहे तिथे. क्लच पकडायला लागला की हॅण्डब्रेक सोडतो. बाहेरचा व्हिडिओ बायकोने काढलाय, अजून नीट बघितला नाही.

पाचगणी_पीटर | गुरुवार, दुपारी १.०२

सापडलं बहुतेक.

पहिलं म्हणजे हिरव्या दिव्याला घाबरू नका. ही ड्रॅग रेस नाही. हिरवा म्हणजे वरचा रस्ता मोकळा आहे, तुमच्या सवडीने निघा, एवढाच त्याचा अर्थ. घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही, गाडीचं नाक समोरचा प्रकाशकिरण तोडतं तेव्हा सुरू होतं. म्हणून तर सिंगल सीटरच्या नाकावर ती उभी काळी पट्टी असते, किरण दर वेळी एकाच ठिकाणी तुटावा म्हणून. हिरवा लागल्यावर शांतपणे श्वास घेतला तरी तुमच्या वेळेत काहीच धरलं जात नाही.

दुसरं, हॅण्डब्रेक. मार्शल (स्पर्धेचा रस्त्यावरचा कर्मचारी) मागच्या चाकामागे लांब दांड्याचा ठोकळा लावतो, तो कशासाठी?

तांबडी_माती | गुरुवार, दुपारी १.१०

गाडी मागे घसरू नये म्हणून. पण हॅण्डब्रेकशिवाय चढावर गाडी उभी करायची म्हणजे मला धडधडतं. आंबा घाटात गाडी शिकलो, तिथे हॅण्डब्रेक चुकला की मागच्या गाडीवर. हात आपोआप जातो.

फोंडा_घाट | गुरुवार, दुपारी २.२५

मी इथे फक्त वाचायला येतो, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील एसटीत चालक होते, सगळी नोकरी फोंडा आणि गगनबावडा घाटात. भरलेली गाडी चढावर बंद पडली की कंडक्टर उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा आणि पत्र्यावर दोन थापा मारायचा. थापा ऐकल्या की वडील हॅण्डब्रेक आधीच पूर्ण सोडून द्यायचे. गाडी कचकन दगडावर बसायची, बसमधल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. मग नुसता क्लच आणि ॲक्सिलरेटर. लहानपणी मी बॉनेटशेजारच्या सीटवर बसायचो, तो कचकन आवाज अजून कानात आहे. त्यांना विचारलं होतं की ब्रेक आधी का सोडता. म्हणाले, दगड गाडीला मागे जाऊ देत नाही आणि पुढे जायला अडवत नाही. ब्रेक दोन्हीकडे अडवतो.

तुमचा ठोकळा म्हणजे तो दगडच ना?

पाचगणी_पीटर | गुरुवार, दुपारी २.३३

फोंडा_घाट, यापेक्षा स्पष्ट मलाही सांगता आलं नसतं.

तांबडी_माती, आता नेमकं काय होतंय ते बघा. पुढची चाकं ओढतायत, मागची हॅण्डब्रेकने धरलेली. क्लच पकडतो, गाडी अडलेल्या मागच्या चाकांसकट चार-पाच बोटं पुढे सरकते आणि किरण तिथेच तुटतो. घड्याळ सुरू झालं, आणि तुमचा हात अजून हॅण्डब्रेकवर. क्लचचा वास त्याचाच. व्हिडिओत मागचं चाक बघा.

टायरवाला_सचिन | गुरुवार, दुपारी ३.०५

तरी मी म्हणतो हवा थोडी कमी करा. पुढे २७. यात नुकसान काहीच नाही.

तांबडी_माती | गुरुवार, संध्याकाळी ७.४८

व्हिडिओ हळू करून सहा वेळा बघितला. पुढची चाकं फिरतायत, आणि मागचं चाक फिरतच नाही. तसंच घसरत पुढे येतं, ठोकळा मागे राहतो, दोन हातभर गेल्यावर चाक एकदम फिरायला लागतं. रस्त्यावर मागच्या चाकांच्या दोन काळ्या रेघा दिसतात. त्या रेघा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी समजत होतो पुढच्या चाकांच्या आहेत! आता आठवतं, तिसऱ्या फेरीला मार्शल खिडकीतून हाताने काहीतरी खाली करायची खूण करत होता. हेल्मेटमध्ये ऐकू आलं नाही आणि मी मान हलवली.

टायर मागवले नाहीत. क्लच उद्या दाखवून घेतो.

केन्सिंग्टन_कट्टा | गुरुवार, रात्री ८.१५

क्लच नक्की दाखवा. आणि रविवारी पहिल्या प्रॅक्टिसला वेळेचा विचार नको, फक्त ठोकळ्यावर बसायची सवय करा. मार्शलने ठोकळा लावला की पायाचा ब्रेक हळूहळू सोडा, गाडी दोन बोटं मागे येऊन टेकेल. तो क्षण भीतीदायक वाटतो. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. ३५०० ला सुरुवात करा आणि तिथून वर-खाली करून बघा. सचिनभाऊंचं २७ सुद्धा एका फेरीला करून बघायला हरकत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

घाटवेडा_७८ | गुरुवार, रात्री ९.००

आपल्याकडे अशी स्पर्धा वरंध घाटात का होत नाही? रस्ता एक दिवस बंद ठेवला तर काय बिघडेल? एवढे घाट कुणाकडे आहेत?

रानवारा | गुरुवार, रात्री ९.२०

घाटवेडा, यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. रस्ता बंद करायची परवानगी, रुग्णवाहिका, दर वळणावर प्रशिक्षित मार्शल, पुष्कळ बोलण्यासारखं आहे. शेल्सलीचा रस्ता खाजगी आहे, हा मोठा फरक.

तांबडी_माती | रविवार, रात्री ९.३७

घरी आलो. हात अजून थरथरतायत.

पहिल्या प्रॅक्टिसला ठोकळ्यावर गाडी टेकवली तेव्हा छातीत धस्स झालं, हात हॅण्डब्रेककडे गेलाच होता, तो मांडीखाली दाबून धरला. हिरवा लागला. तीन आकडे मोजले, हात स्टिअरिंगवर आणला आणि निघालो. २.८८. दुसरी २.७९. दुपारची पहिली २.७४. शेवटच्या फेरीला पुढे हवा २७ केली, २.७१. सचिनभाऊ, तीन शतांश तुमचे. पूर्ण चढ ३८.६. क्लच ठीक आहे, थोडा झिजलाय पण सीझन काढेल असं मेकॅनिक म्हणाला.

फोंडा_घाट, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. रेषेवर चारही वेळा मी त्या दोन थापांची वाट बघत होतो.

फोंडा_घाट | रविवार, रात्री १०.०२

वडील आता ८१ वर्षांचे आहेत. तुमचा प्रतिसाद आत्ताच वाचून दाखवला. त्यांनी विचारलंय, चढ संपल्यावर गाड्या खाली कशा आणतात? त्याच रस्त्याने?

उसळपाव | रविवार, रात्री १०.११

हो, त्याच रस्त्याने. वर गेलेल्या गाड्या तिथेच थांबतात आणि बॅच संपली की एकामागून एक सावकाश खाली येतात. कडेला उभे असलेले लोक हात हलवतात, चालकही हलवतात.