मदत हवी आहे: आईचा मेनिन्जिओमा आणि बदललेलं वागणं

आईच्या डोक्यात मेनिन्जिओमाची गाठ निघाली आहे. वय ६४. गाठ कपाळाच्या मागे, फ्रंटल लोबच्या (मेंदूच्या पुढच्या भागाच्या) खाली, वासाच्या नसांना लागून आहे आणि भोवती बरीच सूज आहे. डॉक्टरांनी समजावलं की ही गाठ मेंदूतली नव्हे, मेंदूच्या आवरणातून वाढलेली आहे. अशा बहुतेक गाठी ग्रेड १ च्या, म्हणजे सर्वात सौम्य, सावकाश वाढणाऱ्या असतात, पण नक्की ग्रेड ती काढून तपासल्यावरच कळेल. ऑपरेशन ठरलं आहे, त्याबद्दल शंका नाही.

मला विचारायचंय ते तिच्या वागण्याबद्दल. गेली दोन-तीन वर्षं ती हळूहळू सगळ्यातूनच मन काढून घेत गेली. विचारलं तर नीट उत्तर देते, आपणहून मात्र काही बोलत नाही, करत नाही. अंघोळसुद्धा सांगावी लागते. पूर्वी पै-पैचा हिशोब ठेवणारी बाई, आता बिलं तशीच पडून असतात. गॅसचा वास येत नाही, हे तर तिच्या लक्षातच आलं नव्हतं. डोकेदुखी नाही, उलट्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी नैराश्य धरलं आणि त्याचीच औषधं चालली. शेवटी फिट आली तेव्हा एमआरआय झाला.

आता फिटसाठी लेव्हेटिरासिटॅम आणि सूज उतरायला डेक्सामेथासोन चालू आहे. तेव्हापासून ती एकदम चिडते, रात्र रात्र जागी असते. पहिल्या गोळीने चिडचिड आणि दुसरीने झोप उडणं, साखर वाढणं होऊ शकतं, हे मला माहीत आहे. गोळ्या मनाने बंद करणार नाही. पण चिडचिड गाठीची की गोळीची, हे तुमच्याकडे कसं ओळखलं? फिटची गोळी बदलून फरक पडला का?

कपाळामागची गाठ काढलेल्या कुणाच्या घरच्यांनी कृपया सांगा: तो अलिप्तपणा गेला का? लगेच, की महिने लागले? वास परत येण्याची आशा फारशी नाही असं डॉक्टर म्हणाले आहेत, ते आम्ही स्वीकारलंय. मला माणूस परत हवं आहे.

आणखी एक. "मला काही झालेलंच नाही" असं ती शांतपणे म्हणते. हे नाकारणं नाही, तिला खरंच जाणवत नाही, असं मला वाटतं. संमतीच्या कागदावर सही तिची हवी. अशा माणसाशी ऑपरेशनबद्दल कसं बोललात? वाद न घालता तिला तयार करायचं आहे.