मदत हवी आहे: आईच्या रिपोर्टमधला 'एमएलएच१ लॉस' आनुवंशिक समजायचा का?

आईचं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिनं 'लॉस' (म्हणजे गाठीत दिसत नाहीत), एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत, पी५३ (हे आणखी एक प्रथिन) नॉर्मल असं आलंय. डॉक्टर घाईत होते, "जनुकीय अस्थिरता आहे" एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी वाचतेच आहे.

मला कळलं ते असं: पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्यातल्या चुका एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनं दुरुस्त करतात. दुरुस्तीच बंद पडली की चुका साचत जातात, विशेषतः तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात तिथे. पीएमएस२ एमएलएच१च्या आधारानेच टिकतं, म्हणून दोन्ही एकदम गेली असावीत. इथपर्यंत बरोबर आहे ना?

आता खरा प्रश्न. बहुतेक वेळा एमएलएच१ जनुक मिथिलेशनमुळे (डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे) नुसतं बंद पडलेलं असतं आणि ते मुलांकडे येत नाही. पण लिंच सिंड्रोम (दुरुस्तीच्या जनुकातला जन्मजात दोष) असेल तर येऊ शकतं, शिवाय आतड्याच्या कॅन्सरचाही धोका. (मामाला तोच झाला होता, म्हणून जास्त धास्ती.) मिथिलेशनची तपासणी आईच्या गाठीच्या, मेणात जपून ठेवलेल्या ब्लॉकवर होते का? की मामाचा इतिहास पाहता थेट तिची रक्ताची जनुकीय चाचणी करावी? आणि पोल जनुकाची (डीएनएची नक्कल करणारं प्रथिन बनवणाऱ्या) चाचणी कुणाला सांगितली होती का, त्या चाचणीने उपचारात काही बदललं का?

आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. अनुभव असलेल्यांनी किंवा पॅथॉलॉजीतल्या कुणी लिहिलं तर बरं होईल.