अनोळखी धाटणीच्या बिअरची गोडी खरोखर लागते, की आपण फक्त सरावतो?

सिंहगड_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

गेली पंधरा वर्षे मी एकाच प्रकारची बिअर पीत आलो आहे. ती म्हणजे बाटलीतली, फिकट पिवळी आणि हात गारठेल इतकी थंड लागर. गेल्या महिन्यात कचेरीतील सहकाऱ्यांबरोबर पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या ठिकाणी, जाण्याचा योग आला आणि तिथे चार छोट्या ग्लासांचा ट्रे मागवला. त्यातील गव्हाची हेफेवायझेन मला पहिल्याच घोटाला आवडली, कारण तिला पिकलेल्या केळ्याचा आणि थोडा लवंगेचा वास येत होता. आयपीए (इंडिया पेल एल) मात्र एखाद्या काढ्यासारखी कडू लागली, काळ्या स्टाउटमध्ये करपलेल्या भाकरीची चव जाणवली आणि चौथी, गोझे नावाची बिअर आंबट आणि चक्क खारट निघाली. तिचा एक घोट घेऊन मी ग्लास बाजूला ठेवला.

सहकारी म्हणाला की जीभ तयार व्हावी लागते. तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. ज्यांना या चवी सुरुवातीला नकोशा वाटल्या आणि आता मनापासून आवडतात, त्यांच्या बाबतीत नेमके काय बदलले? सुरुवात कोठून करावी? आणि एखादी बिअर माझ्या जिभेला नवी आहे म्हणून विचित्र लागते की ती मुळातच बिघडलेली आहे, हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे?

मुठाकाठ (प्रतिसाद)

२००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी पुण्यात सुरू झाली त्याच सुमारास मी पहिल्यांदा ताजी, न गाळलेली बिअर प्यायलो. म्हणजे या वाटेवर मला बरीच वर्षे झाली आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की गोडी खरोखर लागते, पण ती कडू चवीची लागत नाही. कडूपणा ज्याच्याबरोबर येतो त्याच्याशी तो कसा जुळला आहे, हे कळू लागते आणि त्याची गोडी लागते.

आमच्या घरी पावसाळ्यात कडव्या वालांचे बिरडे होत असे. लहानपणी मी त्यातले खोबरे आणि रस्सा खाऊन वाल ताटाच्या कडेला लावत असे. पुढे कधीतरी लक्षात आले की वालांचा तो पुसट कडवटपणा नसेल तर गूळ आणि खोबरे नुसतेच गोडमिट्ट लागते. आयपीएचे अगदी तसेच आहे. माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा गोडवा तिच्यात गुळाच्या जागी असतो आणि हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा कडूपणा वालांच्या जागी. तुम्हाला सध्या फक्त वाल लागत आहेत, कारण लागरमध्ये कडूपणा इतका कमी असतो की जिभेला तो वेगळा काढून पाहण्याची कधी वेळच आली नाही. कडूपणा मोजण्याचे आयबीयू नावाचे एकक आहे. आपल्याकडच्या हलक्या लागरमध्ये ते साधारण १० ते १५ असते, तर आयपीएमध्ये सहज ४० ते ७० पर्यंत जाते. एका उडीत एवढे अंतर कापले तर काढाच आठवणार.

म्हणून मधल्या पायऱ्या घ्याव्यात. हेफेवायझेन आवडली आहे तर पुढची विटबिअर घ्या. या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते आणि कडूपणा नगण्य असतो. त्यानंतर पेल एल, आणि तिच्यात हॉप्सचा वास ओळखता येऊ लागला की मग आयपीए. वास आणि कडूपणा ही हॉप्सची दोन वेगळी कामे आहेत, हे मला फार उशिरा समजले. हॉप्स बराच वेळ उकळले की कडूपणा उतरतो, आणि अगदी शेवटी किंवा आंबवण झाल्यावर घातले की वास उतरतो. सिट्रा जातीचे हॉप्स असतील तर ग्लास नाकाजवळ नेल्यावर सोललेल्या पपनसाचा वास येतो. घोट घेण्याआधी दोन वेळा नुसता वास घ्यावा. नाकाने पपनस ओळखले की जीभ कडूपणाला पपनसाच्या सालीचा कडूपणा म्हणून स्वीकारते, असा माझा अनुभव आहे.

स्टाउटबद्दल एक प्रयोग आवर्जून सांगतो. ग्लास आल्यावर एक घोट घ्या आणि मग वीस-पंचवीस मिनिटे त्याला हात लावू नका. फार थंड पेयाचा वास उडत नाही, म्हणून त्यात फक्त भाजलेला कडूपणा लागतो. ग्लास १० ते १२ अंशांपर्यंत आला की त्याच स्टाउटमध्ये कॉफी येते, मग कोको, आणि तळाशी काकवीसारखे काहीतरी. मी हे पहिल्यांदा अनुभवले तेव्हा वेटरने ग्लास बदलला की काय असे वाटले होते. बर्फासारखी थंड पिण्याची सवय फक्त लागरपुरती ठेवा.

आणि ताजेपणा पाहा. आयपीए शिळी झाली की सर्वांत आधी वास जातो आणि मागे उरतो तो नुसता कडूपणा. एका दुकानातून मी हौसेने आणलेला कॅन घरी उघडला तर त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती. भरल्याची तारीख सात महिन्यांपूर्वीची निघाली, आणि तो मधला उन्हाळा फ्रिजबाहेर काढला असावा. अशा कॅनवरून कोणी आयपीएबद्दल मत बनवले तर तो त्या बिअरवर अन्याय होईल. जिच्या नावातच इंडिया आहे ती बिअर लंडनच्या बो ब्रुअरीसारख्या ठिकाणांहून अनेक महिन्यांचा समुद्रप्रवास करून मुंबई-कलकत्त्याला येत असे आणि जास्तीचे हॉप्स तिला वाटेत आंबट होऊ देत नसत, हे खरे. पण आजची सुगंधी आयपीए त्या प्रवासासाठी केलेली नसते. ती टाकीजवळच प्यावी.

फ्रँकोनियाहून (प्रतिसाद)

मी काही वर्षांपासून जर्मनीत न्यूर्नबर्गला राहतो आणि येथून रेल्वेने तासाभराच्या आत बामबर्ग गाठता येते. तेथील राउखबिअर, म्हणजे धुरावलेली बिअर, हे तुमच्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

या बिअरचा माल्ट बीच लाकडाच्या जाळावर सुकवतात. पूर्वी सगळीकडे माल्ट उघड्या विस्तवावरच सुकत असल्याने बहुतेक बिअरला थोडाफार धूर लागत असे. धूर न लागू देता सुकवण्याच्या भट्ट्या आल्यावर ही चव बाकीच्या ठिकाणांहून गेली आणि बामबर्गमध्ये राहिली. श्लेंकरला ही तिथली जुनी मद्यशाला, जिचा उल्लेख १४०५ पासून सापडतो. तिथे लाकडी पिंपातून अर्ध्या लिटरच्या ग्लासात गडद तपकिरी बिअर ओततात. पहिल्या भेटीत तो ग्लास नाकाजवळ नेला आणि मला बाजारातील सुक्या मासळीची ओळ आठवली. मी जेमतेम अर्धा संपवला.

तिथले लोक सांगतात की या बिअरचा निकाल पहिल्या ग्लासावर लावू नये, ती तिसऱ्या ग्लासाला कळते. मला ती पाहुण्याची समजूत घालण्याची रीत वाटली होती, पण त्यात तथ्य आहे. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि तो वास मागे पडतो. धूर मागे पडला की त्याखाली झाकलेला भाजलेल्या माल्टचा गोडवा पुढे येतो. हे मी एका बैठकीत नव्हे, तर चार भेटींत आणि दर वेळी एकाच ग्लासात अनुभवले. तिसऱ्या भेटीत शेजारच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनी भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर ती पिण्याचा सल्ला दिला. जेवणाबरोबर तो धूर परका वाटला नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या भरितात जसा तो हवासा वाटतो, तसाच वाटला.

सुरुवात श्लेंकरलाऐवजी श्पेत्सिआलपासून केली असती तर बरे झाले असते, असे आता वाटते. तीही बामबर्गचीच जुनी ब्रुअरी, पण तिच्या लागरमध्ये धूर पुष्कळ सौम्य आहे. तुमच्या प्रश्नाला हेच लागू पडते असे मला वाटते: प्रत्येक धाटणीत एक मवाळ आणि एक जहाल बिअर असते आणि पहिली भेट कोणाशी होते यावर पुष्कळ काही ठरते.

विरजण (प्रतिसाद)

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे आणि आंबवलेल्या पदार्थांच्या चाचणीचे काम करते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. वरील दोन्ही प्रतिसाद सुरेख आहेत, पण एक धोका राहतो: कोणतीही नकोशी चव 'ही धाटणीच अशी आहे' म्हणून गिळण्याची सवय लागू नये.

नाक शिकवून ठेवावे असे काही वास आहेत. लागरमध्ये वितळलेल्या लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअॅसिटिल; यीस्टला, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, आपले काम पुरे करण्याइतका वेळ मिळाला नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे बिअर कोवळी असतानाच बाहेर काढली. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागले तर हॉप्समधील घटकांपासून एक गंधकयुक्त उग्र वास तयार होतो. भिजलेला पुठ्ठा म्हणजे शिळेपणा, तो वर आलाच आहे. या दोषांची गोडी लागण्याची वाट पाहू नये. नम्रपणे ग्लास परत करावा.

अडचण अशी की एका धाटणीतला दोष दुसरीचा गुण असतो. हेफेवायझेनमधील केळे आणि लवंग तिच्या यीस्टमधूनच येतात, आणि हेच पिल्सनर या फिकट लागरमध्ये आले तर काहीतरी चुकले आहे. ब्रसेल्सच्या परिसरातील लांबिक ही आंबट बिअर तर उघड्या पसरट हौदात रात्रभर थंड होते आणि हवेतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीव ती आंबवतात. तिच्यातला घोड्याच्या जिनासारखा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा असतो आणि तो तिथे हवा असतो. म्हणून पहिला घोट घेण्यापूर्वी काउंटरवर एवढेच विचारावे की या बिअरची चव कशी अपेक्षित आहे. चांगला ब्रुअर हे आनंदाने सांगतो.

तुमची गोझे मात्र दोषी नव्हती. जर्मनीतील गोस्लार आणि लाइपझिगची ही जुनी धाटणी. तिच्यात मीठ आणि धने मुद्दाम घालतात, आणि आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा असतो, जे आपल्या दह्यातही असते. व्हिनेगरचा झणका आला असता तर मी वेगळे म्हटले असते.

गोडी आणि सराव यांत तुम्ही केलेला फरक मला तितका पटत नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत गेली तरी तिच्याबद्दलची आपुलकी वाढते. सराव हा गोडीचा एक मार्गच आहे. तो थोड्या थोड्या मात्रेत, अंतर ठेवून व्हावा एवढेच. चार छोटे ग्लास मिळून जवळजवळ अर्धा लिटर होते, आणि थकलेल्या जिभेला चौथ्या ग्लासातले काही कळत नाही.

खरडवही (प्रतिसाद)

मी एक वेगळे मत नोंदवते. सहा वर्षे प्रामाणिक प्रयत्न करूनही मला स्टाउट आवडलेली नाही, आणि माझे यात काही उणे राहिले असे मला वाटत नाही. ज्या चवीकडे मन पुन्हा जाते तिच्यामागे जावे. मला आंबट बिअर पहिल्यापासून आवडल्या, कारण आमच्याकडे आमसुलाचे सार आठवड्यातून दोनदा होते. प्रत्येकाची पायरी घरच्या स्वयंपाकघरातून सुरू होते.

सिंहगड_रोड (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी त्याच ठिकाणी पुन्हा गेलो. या वेळी ट्रे न मागवता फक्त गोझे घेतली, तीही छोटा ग्लास, आणि बरोबर तळलेले बोंबील. विरजण यांनी सांगितल्याप्रमाणे काउंटरवर विचारले. तेथील मुलीने भरडलेल्या धन्यांची बरणीच नाकाजवळ धरली. पहिला घोट पूर्वीसारखाच लागला. बोंबलाच्या दोन तुकड्यांनंतर दुसरा घोट घेतला आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीनंतर वाढला जाणारा मठ्ठा आठवला: आंबट, खारट, तोंड स्वच्छ करणारा. ग्लास संपवला. दुसरा मागवावासा वाटला, पण रिक्षा आली होती.

आयपीए पुढच्या महिन्यात. आधी पेल एल घेऊन पपनस शोधतो.